सूर्याचा रंग वाचणारा साहेब आणि आपला विजयदुर्ग

दरवर्षी १५ ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलं की एक-दोन दिवसांत आमच्या मोबाइलवर तोच मेसेज फिरायला लागतो. देवगड तालुक्यातल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून नॉर्मन लॉकियर नावाच्या इंग्रज साहेबाने १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि तिथेच हेलियमचा शोध लावला, अशी ती गोष्ट. किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात ते चौथरे आहेत, तिथे हेलियम दिन साजरा होतो, मुलं निबंध लिहितात. सिंधुदुर्गातल्या माणसाला त्याचा अभिमान आहे. आम्हालाही आहे, लहानपणी आम्हीसुद्धा तोच निबंध लिहिला आणि बक्षीस घेतलं.

फक्त निबंधातलं साल चुकीचं होतं.

खरं तर कोकणात राहणाऱ्याला हे पुस्तक न उघडताही कळायला हवं होतं. १८ ऑगस्ट म्हणजे पावसाळ्याचे दिवस. वाघोटन खाडीच्या तोंडावर तेव्हा समुद्र उसळलेला, होड्या वर ओढून शाकारलेल्या आणि आभाळ असं की दिवसभरात सूर्य दिसला तर दिसला. अशा दिवसात दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर कोण बसेल? १८६८ च्या ग्रहणाची सावली दक्षिण कोकणावरून गेली हे खरं, पण ते पाहायला आलेल्या नामांकित तुकड्या घाट ओलांडून आत गेल्या. एक जमखंडीला, एक विजापूरला, बाकीच्या पार आंध्रात गुंटूर आणि मच्छलीपट्टणला. आणि लॉकियर? तो त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हताच. तो इंग्लंडमध्ये होता.

मग साहेब विजयदुर्गला आला की नाही? आला. पण तीस वर्षांनी. त्याची ती खरी गोष्ट फिरत्या मेसेजपेक्षा जास्त चांगली आहे, म्हणून आज ती सांगतो.

नॉर्मन लॉकियरचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी गावी झाला. विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नव्हती. १८५७ मध्ये तो लंडनच्या युद्ध खात्यात कारकून म्हणून लागला. दिवसा फायली आणि रात्री घरी दुर्बीण, असं त्याचं आयुष्य होतं. बायको विनिफ्रेड फ्रेंच जाणणारी, तिने फ्रेंच विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत आणली. म्हणजे घरात दिवा उशिरापर्यंत जळत असणार. १८६२ मध्ये मंगळ पृथ्वीजवळ आला तेव्हा या कारकुनाने त्याची चित्रं काढली आणि जाणकारांचं लक्ष त्याच्याकडे गेलं.

पण त्याचं मन बसलं ते सूर्यावर. तेव्हा युरोपात एक नवं यंत्र आलं होतं, वर्णपटदर्शक. काम सोपं. प्रकाश एका फटीतून आणि लोलकातून न्यायचा म्हणजे त्याचे रंग पसरतात, इंद्रधनुष्यासारखे. कुठला पदार्थ जळतो आहे त्याप्रमाणे त्या रंगांत ठरावीक जागी रेघा उमटतात. हे आपल्या घरातही करून पाहता येतं. चुलीत चिमूटभर मीठ पडलं की ज्वाला एकदम पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. चुलीची ज्वाला जर आत काय जळतंय ते सांगते, तर सूर्यही सांगेल. लॉकियरने १८६६ मध्ये यंत्र सूर्यावरच्या डागांवर रोखलं. त्यातून त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. ग्रहणात चंद्राच्या काळ्या चकतीभोवती ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्या पाहायला ग्रहणाची वाट कशाला बघायची? त्यांचा प्रकाश जर मोजक्या रेघांचाच असेल, तर रंग पुरेसे पसरवले की आभाळाचा उजेड फिका पडेल आणि रेघा उठून दिसतील.

इथे एक प्रश्न येतो तो आभाळाचा. सूर्याच्या कडेच्या ज्वाला रोज दिवसा तिथेच असतात, मग दिसत का नाहीत? मधे आपली हवा आहे म्हणून. सूर्याचा प्रकाश हवेच्या कणांवर आपटतो आणि सगळीकडे विखुरतो. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पाचसहा पट जास्त विखुरतो, आणि तो चारी बाजूंनी आपल्या डोळ्यांत येतो. तेच दुपारचं निळं आभाळ. या चकाकत्या निळ्या पडद्यापुढे ज्वाला बुडून जातात. हे गणित १८७१ मध्ये लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने मांडलं. पुढे १८९९ मध्ये त्यानेच दाखवलं की त्यासाठी धूळ लागत नाही, हवेचे स्वतःचे रेणू पुरेसे आहेत. जांभळा तर निळ्याहूनही जास्त विखुरतो, पण सूर्याकडून तो कमी येतो आणि आपल्या डोळ्याला तो कमी जाणवतो.

तर लॉकियरला हवं होतं जास्त ताकदीचं यंत्र. सरकारी अनुदान मिळालं, पण यंत्र तयार व्हायला दोन वर्षं गेली. सरकारी काम म्हटल्यावर तिथेही तेच. या दोन वर्षांत १८६८ चं ग्रहण येऊन गेलं. गुंटूरला बसलेल्या जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्रहणात ज्वालांच्या रेघा इतक्या तेजस्वी पाहिल्या की दुसऱ्या दिवशी, भर उजेडात, त्याने त्या पुन्हा शोधून दाखवल्या. लॉकियरला याची काही खबर नव्हती. त्याचं यंत्र ऑक्टोबरमध्ये आलं, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने लंडनमधून, कुठलंही ग्रहण नसताना, तेच पाहिलं. दोघांच्या बातम्या पॅरिसच्या विज्ञान अकादमीत २६ ऑक्टोबरला एकाच दिवशी पोहोचल्या. भांडण व्हायला एवढं कारण पुष्कळ होतं, पण झालं नाही. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांचे चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

त्या रेघांमध्ये एक पिवळी होती. मिठातल्या सोडियमच्या जोडरेघा जिथे असतात त्यांच्या अगदी शेजारी, पण त्या जागेवर नाही. लॉकियरने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत खूप खटपट केली, पृथ्वीवरचा कुठलाच पदार्थ ती रेघ देईना. तेव्हा त्याने मान्य केलं की सूर्यात आपल्याला माहीत नसलेलं काही आहे. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात, त्यावरून हेलियम. शेवटचा तुकडा धातूंच्या नावासारखा लावला कारण तो धातू असेल असं वाटलं. निघाला वायू. नाव मात्र तसंच राहिलं.

बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी हे मनावर घेतलं नाही. जो पदार्थ हातात नाही, बाटलीत नाही, तो केवळ एका पिवळ्या रेघेवरून मानायचा? लॉकियर ऐकणारा नव्हता. त्याचा स्वभाव हट्टी आणि भांडखोर होता, आणि त्याचे सगळेच हट्ट बरोबर निघाले असं मुळीच नाही. तारे उल्कांच्या थव्यांतून बनतात हा त्याचा सिद्धांत टिकला नाही, मूलद्रव्यं तापली की फुटतात या म्हणण्यावरून तो आयुष्यभर वाद घालत बसला. पण पिवळ्या रेघेच्या बाबतीत तो बरोबर होता. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झीला एका युरेनियमयुक्त खनिजातून वायू मिळाला, त्यात तीच पिवळी रेघ होती. सत्तावीस वर्षं गेली होती. तरुण कारकून आता साठीला आला होता. १८९७ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली.

मधल्या काळात त्याने आणखी एक काम केलं, ज्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ त्याला आजही ओळखतात. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्याने नेचर हे विज्ञानाचं साप्ताहिक सुरू केलं आणि पन्नास वर्षं स्वतः चालवलं. ते आजही निघतं. गोल्फच्या नियमांवरही त्याने पुस्तक लिहिलं होतं. माणूस स्वस्थ बसणारा नव्हता.

आभाळाच्या रंगांवर त्याची नजर कायम असे. इंग्लंडमधल्या विंडरमियर तळ्यावर एका छोट्या वाफेच्या बोटीतून निघणाऱ्या वाफेआडून त्याला सूर्य हिरवा दिसला होता. गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट त्याने नोंदवून ठेवली. पुढे १८८३ मध्ये ती कामी आली. त्या वर्षी २६ आणि २७ ऑगस्टला जावाजवळच्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, आणि सप्टेंबरमध्ये मद्रास आणि सिलोनकडे लोकांनी हिरवा, निळसर सूर्य पाहिला. काही महिन्यांनी युरोपात संध्याकाळी आभाळ असं पेटलं की कुठे आग लागली असं वाटावं. त्यावर जी चर्चा झाली तीत लॉकियर होताच. नेहमीच्या हवेत निळा प्रकाश विखुरतो आणि तांबडा पुढे येतो. पण हवेत ठरावीक आकाराचे बारीक कण भरले की हिशोब उलटतो, तांबडा अडतो आणि हिरवा-निळा पुढे येतो. म्हणजे सूर्य तोच, रंग ठरवते ती मधली हवा.

आम्हाला हा भाग सर्वांत जवळचा वाटतो, कारण आपल्या घरात आभाळाचा रंग हा नुसता बघायचा विषय नाही. घड्याळ आणि ॲप येण्याआधी आपल्या किनाऱ्यावर नमाजाच्या वेळा रंगावरूनच ठरत होत्या. सूर्य पिवळा पडेपर्यंत असरची नमाज लांबवू नये हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. सूर्य खाली झुकला की त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेच्या जास्त जाड थरातून येतो. अगदी क्षितिजावर असताना तर डोक्यावरच्या मानाने जवळजवळ चाळीस पट हवा पार करतो. वाटेत निळा निघून जातो, उरतो पिवळा, मग नारिंगी, मग तांबडा.

मगरिबनंतरची गोष्ट तर आणखी खास आहे. आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. पश्चिमेची लाली, म्हणजे शफक, गेली की आपल्याकडे इशाची वेळ लागते. इमाम अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मताप्रमाणे लालीनंतर जी पांढुरकी झाक उरते तीही जावी लागते. त्यामुळे ज्या गावात दोन्ही मसलकचे लोक आहेत तिथे इशाच्या वेळेवरून थोडी कुजबुज होतेच. पण आधी लाली आणि मग पांढुरकेपणा हा क्रम कुठून येतो? सूर्य नुकताच बुडालेला असतो तेव्हा त्याचे किरण खालच्या दाट हवेतून लांबवर येतात, म्हणून तांबडे. तो आणखी खाली गेला की फक्त वरची विरळ हवा उजळलेली राहते. तिचा उजेड इतका मंद असतो की डोळ्याला त्यात रंग कळत नाही, नुसतं पांढुरकं दिसतं. सूर्य क्षितिजाखाली सुमारे अठरा अंश गेला की तेही संपतं. आपल्या अक्षांशावर त्याला साधारण सव्वा तास लागतो. फजरला हेच सगळं उलट्या क्रमाने होतं. आणि तिन्हीसांजेला माथ्यावरचं आभाळ जे गडद निळं होतं ते मुख्यतः फार उंचावरच्या ओझोनमुळे. तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो.

लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्या कोकणी नातेवाइकांना विचारा, जूनमध्ये त्यांची किती पंचाईत होते. तिथे जूनच्या मध्यरात्रीही सूर्य अठरा अंश खाली जात नाही, पांढुरकी झाक रात्रभर राहते, आणि इशा-फजरच्या वेळा कुठल्या धरायच्या यावर मशिदींमध्ये बैठका होतात. लॉकियर त्याच आभाळाखाली राहत होता. दुर्बिणीच्या माणसाला उन्हाळ्यात पुरता अंधार मिळत नसे.

म्हणूनही असेल, पण हा माणूस ग्रहणाच्या मागे जगभर फिरला. १८७० मध्ये सिसिलीला गेला तेव्हा जहाज खडकावर आपटलं आणि वर ढग आले. १२ डिसेंबर १८७१ रोजी तो पहिल्यांदा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला, पण केरळात, बेकलच्या किल्ल्याकडे. १८८२ मध्ये इजिप्त, १८८६ मध्ये ग्रेनाडा. १८९६ मध्ये नॉर्वेला गेला आणि पुन्हा ढग. एवढी यंत्रं पेट्यांतून वाहून न्यायची, महिनाभर तयारी करायची आणि ऐन वेळी दीड मिनिटाच्या ढगाने सगळं पुसून टाकायचं. आंब्याचा मोहोर गळताना पाहिलेल्या देवगडच्या बागायतदाराला हे दुःख समजेल.

आणि मग २२ जानेवारी १८९८. या वेळची सावली कोकण किनाऱ्यावर चढून घाट ओलांडून नागपूरच्या बाजूने उत्तर हिंदुस्थानात जाणार होती. लॉकियरने विजयदुर्ग निवडला. आता बघा, जानेवारी. पाऊस नाही, धुकं सकाळीच विरतं, आभाळ स्वच्छ आणि समुद्र शांत. नौदलाचं मेलपोमीन नावाचं जहाज त्याच्या मदतीला दिलं होतं. पेट्या किनाऱ्याला लागल्या, दुर्बिणी उभ्या राहिल्या. शिलाहारांच्या काळातला, मग आदिलशाहीचा, मग शिवाजी महाराजांचा हा किल्ला, तीन बाजूंनी पाणी, त्यावर आता वर्णपटाचे कॅमेरे. जहाजावरचे खलाशी आणि अधिकारी शास्त्रज्ञ नव्हते. साहेबाने त्यांनाच तयार केलं. कोणी सेकंद मोजायचे, कोणी काचा बदलायच्या, कोणी सूर्याभोवतीच्या तेजोवलयाचं चित्र काढायचं. दोन मिनिटांच्या कामासाठी रोज तालीम.

हेही सांगायला हवं की त्या वर्षी मुंबई इलाख्यात प्लेग होता, आदल्या वर्षीच्या दुष्काळातून लोक सावरले नव्हते, टिळक तुरुंगात होते. सरकारला ग्रहणासाठी जहाज द्यायला सुचलं. हा सल मनात राहतोच, साहेब कितीही मोठा असला तरी.

सूर्यग्रहण नेहमी अमावास्येला, म्हणजे आपल्या हिजरी महिन्याच्या अगदी शेवटी येतं. हे ग्रहण १३१५ हिजरीच्या शाबानच्या शेवटच्या दिवसांत आलं. दोन दिवसांवर रमजान. किनाऱ्यावरच्या घरांत सेहरीची तयारी, चांद कधी दिसतो याची वाट, आणि मधेच भर दुपारी अंधार. ग्रहण लागलं की नमाज-ए-कुसूफ पढायची ही आपली रीत आहे. हजरत पैगंबरांचे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी ग्रहण लागलं होतं, आणि लोक त्याचा संबंध मृत्यूशी जोडू लागले तेव्हा पैगंबरांनी स्वतः तो गैरसमज दूर केला, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं.

खग्रास ग्रहणात आभाळाचं रूप रोजच्या संध्याकाळसारखं नसतं. माथ्यावर काळपट निळा अंधार आणि क्षितिजावर मात्र चारी बाजूंना नारिंगी पट्टा, जणू एकाच वेळी सगळ्या दिशांना मगरिब झाली आहे. चंद्राची सावली मर्यादित पट्ट्यातच पडते, सावलीबाहेरच्या उन्हाचा प्रकाश दूरच्या जाड हवेतून आपल्याकडे येतो, म्हणून तो पिवळा-तांबडा. निळा पडदा दोन मिनिटं बाजूला होतो, आणि एरवी झाकलेलं तेजोवलय दिसतं. विजयदुर्गला त्या दिवशी ढग आले नाहीत. फोटो मिळाले, वर्णपट मिळाले. पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला हे पारशी शास्त्रज्ञ त्याच दिवशी सोलापूरच्या बाजूला जेऊरला आपली तुकडी घेऊन बसले होते, त्यांची आठवण मात्र फिरत्या मेसेजमध्ये कोणी काढत नाही.

म्हणजे हिशोब असा. हेलियमची पिवळी रेघ १८६८ ची. ती गुंटूर-मच्छलीपट्टणच्या ग्रहणात आणि नंतर लंडनच्या आभाळात दिसली. विजयदुर्गला साहेब आला तो १८९८ ला, हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती तेव्हा. दोन ग्रहणं, एकच साहेब, दोन्ही सावल्या कोकणावरून गेलेल्या. लोकांच्या आठवणीत ती एकमेकांत मिसळली असावीत, असं आम्हाला वाटतं. त्यात कोणाचा खोटेपणा नाही. पण ही चूक आता फलकांवर आणि लेखांत उतरली आहे आणि तिथून मुलांच्या वहीत जाते. उद्या आपलं एखादं पोर परीक्षेत किंवा मुलाखतीत ती सांगेल आणि समोरचा माणूस हसेल, त्या वेळी मेसेज पाठवणारा तिथे नसेल.

लॉकियर पुढे १९०० मध्ये स्पेनला आणि १९०५ मध्ये माजोर्काला ग्रहणं पाहायला गेला. लंडनमधली त्याची सूर्य-वेधशाळा सरकारने केंब्रिजला हलवायचं ठरवलं, तेव्हा तो भांडला आणि हरला. मग उतारवयात डेव्हन परगण्यात समुद्राजवळच्या टेकडीवर त्याने स्वतःची नवी वेधशाळा उभी केली. तिथेच सॅलकोम रेजिस गावी १६ ऑगस्ट १९२० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी तो वारला.

या ऑगस्टमध्ये आमच्या भाचीला शाळेत निबंध होता. बाहेर पाऊस ओतत होता. तिने वहीत १८६८ लिहिलं होतं. आम्ही तिला काही बोललो नाही, फक्त खिडकी उघडली आणि सूर्य कुठे आहे ते दाखव म्हटलं. ती थोडा वेळ बाहेर बघत राहिली, मग खोडरबर शोधायला आत गेली.